घरातले डास, गोठ्यातले डास

काझी सर कुठल्याही दाराशी आले की आधी खाकरायचे. मग दोन पावलं मागं सरकायचे, दाराकडं पाठ करायचे आणि अंगणातल्या एखाद्या झाडाकडं बघत उभे राहायचे. आतून कुणी 'या' म्हटलं तरी लगेच वळायचे नाहीत. आतल्या बाईमाणसाला पदर सावरायला, उठून बाजूला व्हायला जेवढा वेळ लागतो तेवढा सोडून मगच तोंड फिरवायचे. दवाखान्यातल्या माझ्या खोलीला तर दारच नव्हतं, नुसता पडदा होता. तरी हा नेम चुकला नाही. पहिल्या दिवशी मला वाटलं, खोकल्याचा पेशंट चुकून इकडं आला. मी आतूनच म्हटलं, औषध पलीकडं मिळतं. पडद्याआडून आवाज आला, "औषध नको बाई. टेबलाचा एक कोपरा पाहिजे."

त्या कोपऱ्यावर त्यांनी पुढचं एक वर्ष काढलं.

मी तेव्हा औंढ्याच्या सरकारी दवाखान्यात रक्ताच्या काचा तपासायची. तापाच्या माणसाच्या बोटातून थेंब काढायचा, काचेवर पसरायचा, रंगवायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्यात हिवतापाचे जंतू आहेत का ते बघायचं, हे माझं काम. बी.एस्सी. झालेली आमच्या घरातली मी पहिली. घरातलीच काय, जवळा बाजारच्या आमच्या अख्ख्या बौद्धवस्तीतली पहिली. हे मी मुद्दाम लिहिते, कारण तसं तोंडानं सांगितल्याशिवाय लोक मला झाडलोट करणारी समजायचे, आणि सांगितल्यावर काही जण मुद्दाम तसंच समजायचे. काझी सरांनी विचारलं, विषय कोणता होता? मी म्हटलं, प्राणिशास्त्र. ते खुर्चीतून अर्धे उठले.

"मग आपण एका घरचे," म्हणाले.

मला नोकरीत आल्यापासून असं कुणी म्हटलं नव्हतं.

बहात्तरचा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती. हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यातला तालुका. हिवताप देशातून गेल्यात जमा आहे, असं आम्हाला शिकवलेलं. माझ्या आधीचे गृहस्थ कोऱ्या काचा बघून बघून निवृत्त झाले होते. आणि माझ्या वाट्याला त्या काचांमध्ये पुन्हा अंगठ्या यायला लागल्या. तांबड्या पेशीत बसवलेली बारीक निळी अंगठी आणि तिच्यावर एक लाल खडा, असा तो जंतू दिसतो. इतका देखणा, की याच्यापायी लेकरू जातं हे खरं वाटत नाही.

घराघरांतून भिंतींवर डीडीटी फवारली जात होती. लोक तिला नुसतं पावडर म्हणत. पंधरा वर्षं पावडर पडत होती आणि तरी काही गावांत डास मरेनासे झाल्याचं कानावर येत होतं. ते का, हे शोधायला एका संशोधन संस्थेनं सरांना पाठवलं होतं. ते माणसांचे डॉक्टर नव्हते, प्राणिशास्त्राचे. मूळचे परभणीचे. वय चाळिशीच्या आसपास, उंच, थोडे वाकलेले. इस्त्रीचा पांढरा पायजमा, वर खाकी बुशशर्ट आणि गळ्यात एक काचेची नळी, तिला लांब रबर जोडलेलं. भिंतीवर डास बसलेला दिसला की नळीचं तोंड त्याच्यावर धरायचं, रबर ओठांत धरून हलका श्वास ओढायचा. डास नळीत येतो. आत जाळीचा तुकडा असतो म्हणून पोटात जात नाही. लोकांना ती नळी डॉक्टरांच्या गळ्यातल्या नळीसारखी वाटायची. म्हाताऱ्या बाया त्यांच्यापुढं हात करायच्या, नाडी बघा म्हणायच्या. सर त्यांना नम्रपणे सांगायचे, "मावशी, मी मच्छरांचा डॉक्टर आहे." एकीनं विचारलं होतं, "त्यायला काय झालं?" सर म्हणाले, "तेच तर कळेना."

त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं : अभी नहीं बोल सकते. हिंगोलीची बस येईल का विचारा, चहात साखर बरोबर पडली का विचारा, उत्तर एकच. आधी मला राग यायचा. मग कळलं, या माणसाला जे माहीत नाही ते माहीत आहे असं म्हणताना खरंच तकलीफ होते.

त्यांचं काम म्हणजे डासांचे वंश चालवणं. एकेक मादी वेगळ्या बाटलीत ठेवायची, तिनं घातलेली अंडी वेगळ्या वाडग्यात वाढवायची. माझ्या टेबलामागं चाळीस-पन्नास पांढरे वाडगे मांडलेले असत, प्रत्येकावर आईचा नंबर. अळ्या मोठ्या झाल्या, त्यांचे डास झाले, की डीडीटी लावलेला कागद ज्यात गुंडाळलेला असतो अशा नळकांड्यात त्यांना तासभर सोडायचं आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला किती मेले, किती जगले ते मोजायचं. मोजून झालं की सर म्हणायचे, "फिर गिनो." मी मोजलं की ते मोजणार, त्यांनी मोजलं की मी. पावडर सोसायची ताकद आईकडून पोरांत उतरते का, आणि कशी, हे त्यांना बघायचं होतं.

मादीला अंडी घालायला रक्त लागतं. सुरुवातीला भिवाजी धनगराकडं त्यांनी एक बकरी मागितली. भिवाजी औंढ्यापासून कोसभर असलेल्या एका वाडीत राहायचा. बकरी देतो म्हणाला, पण त्याच्या बायकोनं, गंगूबाईनं, साफ नाही म्हटलं. बकरीचं रक्त मच्छराला पाजणं तिला पटेना. दुसऱ्या दिवसापासून सरांनी स्वतःचा डावा हात पिंजऱ्यात घालायला सुरुवात केली. पिंजऱ्यातले डास वाडग्यात जन्मलेले, त्यांच्यात हिवताप नव्हता, हे त्यांना ठाऊक होतं. पण बघणाऱ्यांना ते कुठं ठाऊक? सकाळी दहाला बाही वर करून पंधरा मिनिटं हात आत, उजव्या हातात वर्तमानपत्र. कोपरापर्यंत पुरळ उठायचं. कधी खाजवताना दिसले नाहीत. रमझानात आमच्या शिपायानं चिंतेनं विचारलं, सर, रोज्यात हे चालतं का? सर वर्तमानपत्रातून मान वर न करता म्हणाले, "रोजा मेरा है, इनका नहीं."

आणि लग्नं. हे डास पिंजऱ्यात आपणहून जुळत नाहीत. त्यांना वर मोकळं आभाळ लागतं. म्हणून सर हातानं लग्न लावायचे. मी तो प्रकार पहिल्यांदा बघितला तेव्हा श्वास रोखून धरला होता. मादीला औषधाच्या वासानं जरा गुंगवून उताणी ठेवायची. नराला सुईच्या टोकावर धरायचं, ब्लेडच्या तुकड्यानं त्याचं डोकं उडवायचं आणि भिंगाखाली, केसाएवढ्या अंतरावर, त्याला तिच्याजवळ न्यायचं. मुंडकं नसलेला नर तिला बिलगायचा. हे सगळं त्या लांब, हाडकुळ्या बोटांनी, एकदाही न थरथरता. मी माझा हात चांगला समजत होते. मी वीस डास वाया घालवले आणि एकही लग्न लागलं नाही.

भिवाजीनं एकदा भिंगातून हे बघितलं.

"सर, मुंडकं न्हाई, तरी नवरदेव उभा?"

"मुंडकं असतं तर त्यानं विचार केला असता," सर म्हणाले.

मी उठून उगाच पडदा सारखा करायला गेले. मागं दोघं मोठ्यानं हसत होते.

भिवाजीचं आणि त्यांचं चांगलं जमायचं. भिवाजीला मेंढ्यांचे वंश चार पिढ्या मागपर्यंत पाठ होते; कुठल्या एडक्याची पोरं लंगडी निघाली, कुठल्याची लोकर दाट, हे तो बोटांवर सांगायचा, आणि सर ते वहीत लिहून घ्यायचे. एक दिवस सरांनी त्याला डासाच्या पोटातला वंश दाखवला. रक्त पिऊन दीड दिवस झालेल्या मादीचं अंडाशय काढून, जांभळट रंगात बुडवून, दोन काचांमध्ये अंगठ्यानं दाबलं की त्यातल्या पेशींमधले धागे पसरतात. वंशाचा सगळा मजकूर त्या धाग्यांवर असतो. त्यांवर आडवे पट्टे असतात, जाड, बारीक, दोन जवळजवळ, मग एक मोकळी जागा. मी बी.एस्सी.ला हे फक्त चित्रात पाहिलं होतं. औंढ्याच्या दवाखान्यात, पत्र्याखाली, खिडकीतल्या उजेडात ते खरोखर दिसलं, तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. भिवाजी म्हणाला, "हे तर घोंगडीचे काठ व्हय."

"बराबर," सर म्हणाले. "विणणारा कोण ते आपल्याला माहीत नाही. काठ वाचता येतात."

आता वाडीत काय घडलं ते सांगते.

त्या पावसाळ्याच्या शेवटी भिवाजीच्या वाडीत ताप पसरला. मी काचा घेतल्या. दर तिसऱ्या काचेत अंगठी. दोन लेकरं गेली. त्यातलं एक गंगूबाईचं, पाच वर्षांचा मुलगा. वाडीत पावडर मारून महिनासुद्धा झाला नव्हता, दारांवर गेरूनं तारीख लिहिलेली होती, आणि तरी घरांत डास जिवंत बसलेले. मग एकच बोट उठलं, केरबाकडं.

केरबा फवारणीच्या टोळीचा मुकादम. आमच्याच समाजाचा, पन्नाशीला आलेला, दहा-बारा हंगाम पाठीवर पंप वागवून मुकादम झालेला. यंदा कायम होणार होता. लोक म्हणाले, त्यानं पावडर कापसावर मारायला विकली आणि घरांवर नुसतं पाणी शिंपडलं. गंगूबाईनं भर रस्त्यात त्याला म्हटलं होतं, "माझं लेकरू तुह्या पोटात हाय." भिंतीच तपासाव्यात म्हटलं, तर दिवाळीसाठी त्या सारवून झालेल्या. राहिले डास. फवारणी ज्यांच्या अखत्यारीत होती त्या साहेबांनी सरांना विचारलं : या वाडीतले डास पावडरीनं मरतात की नाही, तेवढं दोन ओळींत द्या.

सर वाडीचेच डास वाढवत होते. त्यांची पिल्लं कागदावर मरत होती, जवळजवळ सगळी. त्यांनी तसं लिहून दिलं. साहेबांनी त्याचा सरळ अर्थ काढला : डास मरणारे आहेत, तरी मेले नाहीत, म्हणजे भिंतीवर पावडर नव्हती. आठ दिवसांत केरबाला घरी बसवलं. पुढं चौकशी होणार होती, पण ती नावापुरती.

माणूस इतका सावध, आणि नेमका तिथंच कसा चुकला, ते मला तेव्हा दिसलं नाही. त्यांनाही नाही. दिसलं ते गंगूबाईला.

थंडीत तिच्या लहान मुलीला ताप आला म्हणून मी काच घ्यायला गेले होते. चुलीपाशी बसून मी पोरीच्या बोटाला सुई लावत होते. गंगूबाई म्हणाली, "सर लई गुनाचा मानूस हाय. पन बाई, ते बकऱ्यायचेच मच्छर काहून नेऊन राहिले? आमाला चावते ते आत हायेत, उतरंडीच्या मागं. या म्हनलं तर ते आपले निंबाकडं पाहत उभे राहतात, मंग गोठ्यात जातात."

मी उतरंडीमागं बॅटरी टाकली. भिंतीवर, ओळीनं, डास बसलेले होते.

दुपारी मी सरांना सांगितलं. ते वाडगे धूत होते. त्यांनी हात पुसले आणि गंगूबाईचं बोलणं मला जसंच्या तसं पुन्हा म्हणायला लावलं. मग आणखी एकदा. मग म्हणाले, "बाई, मी आत कधीच गेलो नाही." ते हे मला सांगत नव्हते. आम्ही शिकलेली माणसं, पण हे आमच्या ध्यानातच आलं नव्हतं. एक परका पुरुष पहाटे बाया न्हाण्याधुण्यात असताना माजघरात कसा जाणार, एवढीच त्यांची अडचण. आणि गोठ्यात डास तर भरपूर मिळत होते. दिसायला अगदी एक, भिंगाखालीसुद्धा एक. त्या अदबीपायी सगळ्या वाडीच्या नावावर त्यांनी बकऱ्यांचे डास तपासले होते.

त्यांनी मला नळी ओढायला शिकवली. पुढचे पंधरा दिवस पहाटे मी घरांत आणि ते गोठ्यात, असे आम्ही वाडी फिरलो. घरातल्या माद्यांची अंडी वेगळ्या वाडग्यांत. त्यांची पिल्लं मोठी झाली तेव्हा आम्ही त्यांना कागदावर सोडलं. दुसऱ्या दिवशी मी मोजलं. त्यांनी मोजलं. पुन्हा मी मोजलं. दहातले आठ जिवंत होते, नळकांड्यात आरामात बसलेले. त्याच कागदावर गोठ्यातल्यांची पिल्लं तळाला पडलेली.

मग त्यांनी घरातल्या मादीचे धागे काचेवर दाबले आणि खूप वेळ डोळा लावून बसले. उठून मला जागा दिली. काठ तसाच होता, पण एका धाग्यावर मधला एक तुकडा उलटा विणलेला. सर भिंतीला टेकून उभे होते. म्हणाले, "केरबाची नोकरी मी खाल्ली."

मी म्हटलं, आजच लिहा. ते म्हणाले, अभी नहीं बोल सकते. मला संताप आला. मी त्यांना पहिल्यांदा आणि शेवटचं उलट बोलले. म्हटलं, केरबाच्या घरी चूल पेटते का नाही हे तुम्हाला माहीत आहे का? तो रस्त्याच्या कामावर खडी फोडून राहिलाय. तुम्हाला आणखी किती वाडगे पाहिजेत?

ते शांतपणे म्हणाले, "एकदा घाई केली. आता त्याला सोडवायला दुसरी घाई केली, तर साहेब फुंकरीनं उडवतील. दीड महिना." आणि थांबून, "पण त्याला सांगायला दीड महिना थांबता येत नाही. तुम्ही बरोबर याल?"

जवळा बाजारच्या रस्त्यावर काम चालू होतं. उन्हं तापायला लागलेली. केरबा दगडाच्या ढिगापाशी बसला होता. एके काळी खाकी कपड्यात, टोपी घालून ताठ चालणारा माणूस आता फाटक्या बनियनवर. सर त्याच्यासमोर गेले आणि खाली खडीवरच बसले, इस्त्रीच्या पायजम्यासकट. घरातले डास, गोठ्यातले डास, सगळं सांगितलं. मग म्हणाले, "मी चुकलो असं मला वाटतं, केरबा. पक्कं बोलायला अजून दीड महिना लागेल. पण चूक झाली असेल तर ती माझी आहे, हे आज सांगायला आलो."

केरबानं हातातला दगड फोडला. दुसरा घेतला.

"म्हंजे मच्छरायतबी जाती हायेत?"

"तसंच दिसतं."

"मंग वरची कोनची, खालची कोनची?"

"वर-खाली काही नाही. दोन्ही रक्तच पितात."

केरबा हसला. नीट हसला नाही, पण हसला. मग हातोडी खाली ठेवली.

"चार महिने झाले सर, आनखी दीड महिन्यानं काय व्हतंय. पन एक करा. जे लिवाल ते आधी वाडीत जाऊन वाचा. नोकरी हापिसात गेली माझी, नाव वाडीत गेलं. हापिसात कागद देऊन वाडीतलं नाव वापस येत न्हाई."

सर म्हणाले, वाचतो.

त्या दीड महिन्यात मी जे काम पाहिलं तसं पुन्हा कुठं पाहिलं नाही. घरातले नर गोठ्यातल्या माद्यांना, गोठ्यातले नर घरातल्या माद्यांना, अशी शेकडो लग्नं त्यांनी हातानं लावली. जेवण बाजूला राहायचं. डाव्या हातावर चाव्यांना जागा उरली नाही म्हणून उजवा सुरू केला. कागदाची परीक्षा पुन्हा, आणि पुन्हा. शेवटी संकरातून झालेले नर त्यांनी तपासले. त्यातले बरेच वांझ निघाले. खेचरासारखं : लग्न लागतं, पोर होतं, वंश पुढं जात नाही. म्हणजे हे एकाच जातीतले हट्टी आणि गरीब डास नव्हेत. एकाच रूपाच्या दोन वेगळ्या जाती, एकाच वाडीत. गोठ्यात धनगरांनी पावडर कधी मारू दिली नव्हती, बकरी भिंत चाटते म्हणून. घरात मात्र पंधरा वर्षं पडत होती. जे मरायचे ते मेले, आणि जे चुकून वाचले त्यांचीच लेकरं, त्यांची लेकरं, आज उतरंडीमागं बसलेली. दोन काचांवर दोन काठ शेजारी ठेवून सर म्हणाले, "आता बोलू शकतो." ते वाक्य मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं. इतकी मोठी गोष्ट, आणि ती आमच्या पत्र्याखाली, माझ्या टेबलाच्या कोपऱ्यावर उलगडली होती. मला वाटलं, हे कुणाला तरी ओरडून सांगावं. सर ब्लेड पुसत होते.

वाडीत निंबाखाली माणसं जमली. केरबा लांब, बैलगाडीच्या चाकाला टेकून बसला. सरांनी मराठीत लिहून आणलं होतं. उभं राहून वाचलं. माझा आधीचा कागद चुकीचा होता. मी गोठ्यातले डास तपासले आणि साऱ्या वाडीचं नाव लावलं. घरातले डास वेगळे आहेत, ते पावडरीनं मरत नाहीत. शेवटी लिहिलं होतं : केरबा मुकादमानं पावडर मारली की नाही, हे डास सांगू शकत नाहीत. पण मारली नव्हती असं म्हणायला माझ्या कामाचा आता कोणताही आधार नाही.

मला वाटलं, संपलं. एवढं पाऊल मोजून टाकायची काय गरज होती? 'मारली होती' असं लिहिलं असतं तर काय बिघडलं असतं? लोक एकमेकांकडं बघत होते. केरबानं मान खाली घातली.

गंगूबाई बायांमध्ये बसली होती. ती उठली नाही. बसल्या बसल्याच बोलली.

"मारली व्हती."

भिवाजी तिच्याकडं वळला.

"मारली व्हती," ती म्हणाली. "म्या सोता दार उघडलं. पिठाचं भांडं झाकलं. भित्ती पांढऱ्याफक झाल्या व्हत्या. केरबा म्हने, ताई, लेकराला घेऊन घडीभर भाईर बसा. म्या बसले." ती थांबली. "मंग लेकरू गेलं. कुनावर तरी जायला पाहिजे व्हतं ना."

केरबा चाकाचा आधार सोडून उभा राहिला होता. सर हातातल्या कागदाकडं बघत होते. मग त्यांनी गंगूबाईला विचारलं, हे मी लिहून घेऊ का? ती म्हणाली, लिवा, आंगठा देते. त्यांनी तिचं बोलणं तिच्याच शब्दांत लिहिलं, तिला वाचून दाखवलं, आणि मग पुन्हा एकदा वाचून दाखवलं.

चौकशी हिंगोलीला झाली. मला साक्षीला बोलावलं होतं. साहेबांनी कागद वाचला. मग त्यांनी सरांना समजुतीनं सांगितलं की कागद मागं घ्या. डास मरेनात हे वर गेलं तर साऱ्या फवारणीवर प्रश्न येतील. केरबाला पुढच्या हंगामात गुपचूप घेऊन टाकू. सर म्हणाले, गुपचूप नको. मग साहेब माझ्याकडं वळले. घरातले डास या बाईंनी आणले ना? मुकादम यांच्यातलाच आहे, हे तुम्हाला ठाऊक आहे का?

मी बोलणार, तेवढ्यात सर बोलले, नेहमीच्याच हळू आवाजात. "डास यांनी आणले. जे मेले नाहीत ते माझ्यासमोर मेले नाहीत. यांना माझ्याइतकंच प्राणिशास्त्र येतं, आणि आत जायचं धाडस माझ्यापेक्षा जास्त आहे. शंका असेल तर वाडी दूर नाही. मी पिंजरे घेऊन थांबतो, तुम्ही या."

साहेब आले नाहीत. केरबाला परत घेतल्याचा कागद त्याच दुपारी टाइप झाला. सरांच्या संस्थेला मात्र वरून पत्र गेलं आणि त्यांचं आमच्याकडचं काम महिनाअखेर बंद करायचं ठरलं. ते त्यांना तिथंच, उभ्या उभ्या सांगण्यात आलं. ते म्हणाले, ठीक आहे, वाडगे बाईंच्या खोलीत आहेत, ते सरकारी आहेत, मोजून घ्या.

मला जबाबावर सही करायला मागं थांबवलं. टाइप होईपर्यंत मी खिडकीशी उभी होते. खाली रस्त्यावर ते दोघं बसस्टँडकडं निघाले होते. सर पुढं, आणि केरबा सवयीनं एक पाऊल मागं. जन्मभर तो साहेबलोकांच्या मागं तसाच चालत आला होता. सरांच्या ते ध्यानात आलं असावं. त्यांनी पाऊल जरा हळू केलं. केरबानंही हळू केलं. सर आणखी हळू झाले, तसा तोही. असं करता करता भर उन्हात, भर रस्त्यात, दोघं जागेवर उभे राहिले. मागून एक बैलगाडीवाला ओरडत होता. सर काही बोलले, मला ऐकू आलं नाही. केरबानं डोक्यावरची टोपी काढली, घाम पुसला, टोपी परत घातली आणि एक पाऊल पुढं टाकलं. मग ते निघाले, खांद्याला खांदा लावून, आणि बाभळीच्या वळणापलीकडं दिसेनासे झाले.